समुद्रपूरचं कुर्डू

कुर्डू फुललं की मला अजून राग येतो. आता या वयात, गुडघे कुरकुरत असताना आणि भांडायला समोर माणूस उरलेला नसताना, मी रागावून कुणाचं काय बिघडणार आहे? पण येतो. भाद्रपदाचं ऊन तापायला लागलं, अंगणातल्या चिखलाच्या खपल्या झाल्या, की आमच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ते उभं राहतं. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. सरळ दांडा, त्यावर बोटभर लांब तुरा, टोकाशी गुलाबी आणि खाली येता येता पांढरा पडत गेलेला. वारा आला की सगळे तुरे एकदम एका बाजूला कलतात. मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात बसते आणि रागानं त्यांच्याकडे बघते. बघितल्याशिवाय राहवतही नाही.

सून परवा म्हणाली, "आई, कुणाला तरी सांगून तो प्लॉट साफ करून घेऊ या का? किती गवत माजलंय."

"खबरदार," मी म्हटलं. ती बिचारी दचकलीच.

तिची गच्चीवर बाग आहे. नर्सरीतून आणलेली झाडं, एकसारख्या कुंड्या, आणि त्यात मखमली लाल तुऱ्यांचं एक ठेंगणं झाड. हे कुर्डूच्याच भावकीतलं, असं ती सांगते. असेल. पण त्या कुंडीतल्या झाडाचा मला कधी राग आला नाही. राग यायलासुद्धा जुनी ओळख लागते.

कुर्डूशी माझी ओळख झाली नालवाडीला, लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. हे वर्ध्याच्या एका शाळेत मास्तर होते. सासूसासरे गावी, धाकट्या दिरांकडे. नालवाडीला आमचं भाड्याचं दोन खोल्यांचं कौलारू घर, मागं लहानसं परस आणि परसाला तुराट्यांचं कुंपण. त्या काळी नालवाडी म्हणजे गावाच्या अगदी टोकाला. मागच्या दारातून बघावं तर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, शेतंच शेतं. मी आर्वीची, भरल्या घरातून आलेली. इथं दिवसभर बोलायला भिंती, आणि कुंपणापलीकडे गिरजाकाकू. काकूंच्या घरचं भाजीचं वावर होतं. वांगी, भेंड्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या असं टोपलं भरून त्या बाजाराच्या दिवशी वर्ध्याला पायी जात. बोलणं धडधडीत, आवाज कुंपण फोडून येणारा. त्या नसत्या तर पहिल्या महिन्यातच मी माहेरी पळून गेले असते, आणि त्या नसत्या तर मला काही कळलंही नसतं.

आषाढ लागला होता. ह्यांनी एका रविवारी ट्रंक उघडली आणि तळातून एक पुडी काढली. वहीच्या रेघांच्या कागदाची पुडी, वर दोरा गुंडाळलेला. माझा लग्नाचा शालू त्याच ट्रंकेत होता, पण पुडी शालूच्याही खाली, जपून ठेवलेली. मी विचारलं, "कशाचं बी?"

"आहे एक फूल."

"कुठून आणलंत?"

"मिळालं होतं," म्हणाले, आणि पुडी घेऊन परसात गेले.

मास्तर माणूस, हातात खडूशिवाय काही धरलं नसेल असं मला वाटलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी वाफा केला तो बघण्यासारखा. ढेकळं हातानं फोडली. माती माझ्या पिठाच्या चाळणीनं चाळली, न विचारता. बी अगदी बारीक, काळंभोर, चकचकीत. ते चुलीतल्या राखेत कालवून चिमटीचिमटीनं सोडलं, म्हणजे एका जागी दाटी होत नाही. वर मातीचा नुसता हात फिरवला. हे सगळं करताना ओठांवर हसू. लग्नाच्या मांडवात सुद्धा मी ते हसू पाहिलं नव्हतं. अर्थात मांडवात मी वर बघितलंच कुठं होतं म्हणा.

गिरजाकाकू कुंपणावर येऊन उभ्या राहिल्या. "काय पेरून राह्यले वो मास्तर?"

"कुर्डू, काकू."

काकूंनी टोपलं खाली ठेवलं आणि पोट धरून हसल्या. "कुर्डू? अवो, जिंदगी गेली आमची ते उपटू उपटू. त्याच्यापायी निंदणाले बाया लावा लागते आमाले. अन् तुमी वाफा करून लावता?"

"तुमच्या वावरात ते तण आहे, काकू. इथं फूल आहे," हे म्हणाले. वर मला म्हणाले, "पाणी जोरात ओतू नको हं. बी वाहून जाईल." हे सांगताना आवाज इतका मऊ होता की मला वाटलं, मास्तरणीचं नशीब उघडलं. रोज दोन वेळा रॉकेलच्या डब्याच्या झारीनं मी त्या वाफ्याला पाणी घालत होते. पावसानं उघडीप दिली की झारी, जोराची सर आली की वर गोणपाट. अंकुर आले तेव्हा मी शाळेच्या वाटेवर जाऊन ह्यांना सांगून आले. काय मूर्ख होते मी.

पंधरा दिवसांनी काकू भेंड्या द्यायला आल्या. वाफ्याकडे बघून म्हणाल्या, "चांगलं आलं वो तुमच्या घरचं कुर्डू. पटवाऱ्याच्या पोरीचं बी, येणारच."

"कुठल्या पटवाऱ्याच्या?"

"समुद्रपूरच्या. मास्तर गेलते ना मागच्या साली पोरगी पाहाले. तिथूनच आणलं हे बी. आल्या आल्या बांधलेली पुडी मले दाखवली, फुलाचं बी हाय म्हणे. लय खुश होते."

माझ्या हातातल्या भेंड्या हातातच राहिल्या. "मग?" मी विचारलं.

"मंग काय. पत्रिका जमली नाई म्हणत होते. जमली असती तर तू कायले आली असती इथं?" असं म्हणून काकू गेल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना वाटलं, मला ठाऊकच असणार.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. मुलगी पाहायला जाणं म्हणजे काही पाप नव्हे. चार ठिकाणी पोहे खाल्ल्याशिवाय कुणाचं लग्न होत होतं? पण पोहे खाऊन माणूस तोंड पुसतो आणि घरी येतो. हे पुडी बांधून घेऊन आले. पत्रिका फिसकटली तरी पुडी टाकली नाही. आपलं लग्न लागलं, बायको घरात आली, आणि सहा महिने जपलेलं ते बी बायकोच्या घरात पेरलं. आणि बायको त्याला झारीनं पाणी घालते आहे. घरंदाज सवत सुद्धा इतकी सेवा करून घेत नसेल.

समोर असती तर सोपं होतं. समोरच्या बाईचं नाक बसकं म्हणता येतं, तिच्या हातच्या भाकरीला कडा नाही म्हणता येतं. ही तर दिसतच नव्हती. मी तिला घडवत होते, रोज थोडी थोडी. सकाळी ती उंच असायची, दुपारपर्यंत गोरी व्हायची, संध्याकाळी हे घरी यायच्या सुमाराला तिचा आवाज गोड व्हायचा. मी तिला इतकी देखणी केली की मला आरशात बघवेना. माझ्या कपाळावर देवीचा एक वण आहे, डाव्या बाजूला. तो त्या वर्षी जितका मोठा दिसला तितका नंतर कधी दिसला नाही.

आणि ह्यांचं ते वागणं. शाळेतून आले की आधी परसात. मी दारात उभी, ताक हातात, आणि हे वाफ्यापाशी उकिडवे बसून पानं बघतात. एखाद्या पानाला कीड लागली की बोटानं अलगद काढायचे. माझं बोट विळीवर कापलं तेव्हा म्हणाले होते, "हळद लाव." हळद कुठं आहे हे मला ठाऊक होतंच की हो. तुमच्याकडून काही वेगळं हवं होतं.

विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं. त्या काळी असं कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं याची भीती. मला एवढंच हवं होतं की ह्यांनी सांगावं, ती कुणी नव्हती, मला तूच हवी होतीस. आणि ते खरं नसणार, याचीच मला मनातून खात्री होती.

श्रावणातल्या एका सकाळी हे शाळेत गेले आणि मी कुर्डूचे शेंडे खुडले. सगळे. एकही रोप सोडलं नाही. कोवळी लुसलुशीत पानं, ओचा भरून. हल्ली रानभाज्यांचं कौतुक निघालंय, वर्तमानपत्रात फोटो येतात, पण कुर्डूची भाजी आमच्याकडे निंदणाला जाणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या खात आल्या आहेत. धुतली, बारीक चिरली, मुगाची डाळ भिजवून घातली, लसूण ठेचून फोडणी. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकर. ताट वाढलं आणि समोर बसले. ह्यांच्या ताटात त्यांची समुद्रपूरवाली वाढली होती मी, आणि ते ती खाताना मला बघायचं होतं.

एक भाकर खाल्ली. दुसरी मागितली. "कशाची भाजी आहे गं?"

"रानातली."

"फार चांगली झालीय," म्हणाले, आणि तिसऱ्यांदा भाजी घेतली. मला माहेरी कुणी सुगरण म्हटलं नव्हतं. ह्यांनी माझ्या हाताचं पहिलं कौतुक केलं ते त्या भाजीचं. हसावं की रडावं कळेना.

मग तांब्या घेऊन आचवायला परसात गेले. मी आतून कान देऊन उभी. चूळ भरल्याचा आवाज आलाच नाही. दारातून डोकावले तर हे तांब्या धरून वाफ्यापुढे उभे. मी म्हटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मी सगळं बोलणार होते, तोंडात वाक्य तयार होतं. पण नाही ओरडले. आत आले, सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि वर्तमानपत्र उघडलं. संध्याकाळी खुरपी घेऊन त्या बोडक्या रोपांना माती लावली. त्यांच्या न बोलण्यानं माझा असा तीळपापड झाला की दोन दिवस मी भांडी आपटत होते.

पुढचं मात्र मला कुणी आधी सांगायला हवं होतं. शेंडे खुडले की कुर्डू मरत नाही. प्रत्येक रोपाला खुडल्या जागी दोन-दोन, चार-चार फाटे फुटले. रानात एका दांड्यावर मोजके तुरे असतात. आमच्या परसात भाद्रपद लागेस्तोवर झुडपं झाली, कमरेएवढी, आणि फाट्याफाट्याला तुरा. मोजता येईनात इतके. सकाळच्या उन्हात ते पांढरेगुलाबी तुरे असे उजळायचे की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची.

काकू म्हणाल्या, "शेंडे कोनं खुडले वो? तुनं? मंग तुनंच तर वाढवलं त्याले. वांग्याचं पाह्य नं, टोक मोडलं का पसरते."

मी वाढवलं होतं. माझ्या रागानं. हे ऐकून मला काकूंचाही राग आला.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा आळीतल्या बायका आरासीला तुरे मागायला माझ्याच दारात. "मास्तरीणबाई, तुमचा हात गुणाचा." हेडमास्तरांच्या पत्नी आल्या, त्यांना जुडी बांधून दिली. दिवसभर मी तिची फुलं वाटत होते आणि शाबासकी घेत होते. कहर म्हणजे ह्यांनी पितळेच्या गडूत पाच तुरे ठेवले आणि गडू आणून कोनाड्यात ठेवला, बाहेरच्या खोलीत, जिथून तो चुलीपुढूनही दिसायचा. हे फूल वाळलं तरी रंग सोडत नाही. जाई-जुई ठेवली असती तर सकाळी फेकता आली असती. हे ठाण मांडून बसलं.

दसरा झाला. कापूस फुटायला लागला. मी मनाशी ठरवलं की तिला एकदा बघायचंच. माझी एक आत्या समुद्रपूरला दिलेली होती. आत्याला बरं नाही असं सांगून मी सकाळच्या मोटारीत बसले. आत्या ठणठणीत होती. खोटं बोलल्याचं पाप लागायचं ते लागो.

मोटारीच्या खिडकीतून वाटभर पांढरी शेतं, आणि बांधाबांधावर, नाल्याच्या काठानं, रस्त्याच्या कडेनं कुर्डू. जिथं बघावं तिथं. आमच्या घरापासून समुद्रपूरपर्यंत फुकट उगवलेलं. मी बघत होते आणि माझं डोकं आणखी फिरत होतं. घराबाहेर चार पावलांवर जे ओंजळीनं मिळतं, ते माणूस इतक्या लांबून पुडीत बांधून का आणतो? मला याचं एकच उत्तर सुचत होतं. मांडीवर पिशवी घट्ट धरून मी बसले होते आणि शेजारची बाई विचारत होती, "मळमळते का वो?"

आत्याकडे चहा घेतला आणि म्हटलं, मला शेवंतीची मुळं हवी आहेत. आत्या म्हणाली, "पटवाऱ्याकडं जा, त्याच्या पोरीनं फुलझाडाचा बाजार मांडलाय." मला घर विचारावं लागलंच नाही.

ती ओसरीवर बसली होती, पुढ्यात सूप. वाळलेले कुर्डूचे तुरे तळहातावर चोळत होती आणि काळं बी सुपात सांडत होतं. प्रमिला तिचं नाव. दिसायला माझ्याहून चांगली. खोटं कशाला सांगू? मी घडवली होती तितकी नव्हती, पण चांगली होती. कपाळ स्वच्छ. "या नं, बसा," म्हणाली. "कुठून आल्या?"

"वर्ध्याकडून. नालवाडीहून."

"नालवाडीचे एक मास्तर आलते मले पाहाले, मागच्या साली." सुपातलं बी पाखडत, सहज बोलावं तशी बोलली. "वळखता का तुमी त्यायले?"

"येताजाता दिसतात," मी म्हटलं.

"झालं का त्यायचं लगन?"

"झालं."

"बायको कशी हाय?"

"बरी आहे," मी म्हटलं. "जरा खाष्ट आहे."

ती हसली. हसताना चांगली दिसली, आणि तेही मला सोसलं नाही. मी विचारलं, "तुमचं का नाही जमलं? पत्रिका?"

"पत्रिका कायची. बाबानं इचारलं, पसंत हाय का? म्या म्हटलं, नाई. झालं."

इतके महिने मी जिच्यावर जळत होते, तिनं ह्यांना नको म्हटलं होतं. आणि बघा माणसाचं मन कसं असतं, मला आनंद व्हायला हवा होता, पण मला तिचा संतापच आला. काय कमी होतं ह्यांच्यात? निर्व्यसनी, नोकरी कायमची, कुणाला उलट शब्द बोलत नाहीत. तू कोण लागून गेलीस नाही म्हणणारी? असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

"काहून पण?" मी विचारलं. एरवी मी 'काहून' म्हणत नाही, पण रागात माझी भाषा जमिनीवर येते.

"मानूस वाईट नाई. पण कोनाड्यात कुर्डू होतं गडूत, सारा वेळ तिकडंच पाहे. माह्याशी बोले अन् फुलाकडं पाहे. बाबानं निंघताना बी देल्लं तर चेहरा असा फुलला. म्या म्हटलं, जो बायकोपेक्षा फुलाकडं पाहीन त्याच्याशी काय संसार करा." मग सूप खाली ठेवलं. "पण निंघताना लय घाबरले होते बिचारे. कधी कळवता म्हणून बाबाले दोनदा इचारलं. माह्याकडं पाहिलं अन् नजर खाली टाकली. मले वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून लगन करते का कोनी?"

शेवंतीची मुळं तिनं ओल्या फडक्यात बांधून दिली. मी नाव सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. कोण जाणे, तिला कळलंही असेल.

परतीच्या मोटारीत मी खिडकीबाहेर बघितलं नाही. फुलाचा प्रश्न मिटला होता. वेडा माणूस फुलावरच भाळला होता, हेही कळलं होतं. तरी माझी जळजळ थांबेना, उलट वाढली, आणि हिंगणघाट मागं पडेपर्यंत मला कळेना की आता कशावर जळते आहे मी. मग कळलं. तिला कुणीतरी विचारलं होतं. 'पसंत हाय का?' एवढे तीन शब्द. आणि तिचं उत्तर येईपर्यंत हे घाबरलेले होते. माझ्या बाबतीत काय झालं होतं? फाल्गुनात हे आर्वीला आले, मी खाली मान घालून बसले, ह्यांच्या चपला पाहिल्या. बाबांनी आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, "ठरलं." माझ्या उत्तराची कुणी वाट बघितली नाही, कारण उत्तर कुणी मागितलंच नव्हतं. ह्यांना माझी भीती वाटायचं काही कारणच पडलं नाही. तो घाबरलेला चेहरा तिनं पाहिला होता आणि मी, त्यांची बायको, नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. हे परसात सूप घेऊन बसले होते आणि तुरे तळहातावर चोळत होते, अगदी तिच्यासारखेच. "कशी आहे आत्या?" म्हणाले.

"बरी आहे. मी पटवाऱ्यांकडे गेले होते."

हात थांबला.

"पत्रिका अडली नव्हती," मी म्हटलं.

"नव्हती."

"मग खोटं का सांगितलंत?"

"नाही म्हणाली, हे सांगायची लाज वाटली." सुपात बघत म्हणाले.

"तुम्हाला पसंत होती ना ती?"

एखाद्यानं सफाईनं उडवून लावलं असतं. ह्यांना ते कधीच जमलं नाही. "होती," म्हणाले.

तो शब्द आजही लागतो. लागू दे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मी म्हटलं, "मला विचारा."

"काय?"

"तिला विचारलं होतं ते. मला कुणी विचारलं नाही. तुम्ही मला पसंत आहात का, ते विचारा."

हे हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. सूप बाजूला ठेवलं, हात धोतराला पुसले आणि उठून उभे राहिले, वर्गात साहेब आल्यावर उभे राहावं तसे. "मी पसंत आहे का तुला?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं आणि आत गेले.

विचार कसला करायचा होता? उत्तर मला ठाऊक होतं. कदाचित हे माझी चाळणी घेऊन माती चाळत होते तेव्हापासूनच, म्हणून तर एवढी आग आग झाली होती. पण मी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ह्यांना वाटलं, थट्टा चाललीय. दुसऱ्या दिवशी वरण खारट झालं तर मुकाट्यानं खाल्लं. तिसऱ्या दिवशी शाळेत जाण्यापूर्वी विहिरीचं पाणी भरून ठेवलं, न सांगता. चौथ्या दिवशी काही तरी बोलायला म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. कुंपणापलीकडून काकू विचारत, "मास्तरले बरं नाई का?" मी म्हणायची, "बरं आहे." मला दया येत होती. पण मी समुद्रपूरहून शिकून आले होते. दया आली म्हणून उत्तर द्यायचं नसतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी हातात आली होती आणि तिची कड बोटांनी चाचपत होते. आत पाऊल टाकेनात. "ठरलं का तुझं काही?" म्हणाले, आणि माझ्याकडे बघून नजर खाली टाकली.

मी चुलीपुढून मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा सरळ, न लाजता, वेळ घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघितलं. घाबरलेले होते. खरोखर घाबरलेले होते. तव्यावर भाकर करपल्याचा वास आला, तरी मी नजर हलवली नाही. पुरतं बघून घेतलं.

मग म्हटलं, "हो."